घरच्या पेटीत सापडलेले लष्करी पॅच ओळखताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडिलांच्या, आजोबांच्या किंवा एखाद्या चुलत आजोबांच्या सामानातून निघालेल्या, गणवेशाच्या बाहीवर खांद्यालगत शिवल्या जाणाऱ्या कापडी चिन्हांविषयीचे हे प्रश्न आहेत. या चिन्हांना ब्रिटिश परंपरेत फॉर्मेशन साइन म्हणतात आणि अमेरिकेत शोल्डर पॅच. येथे सोयीसाठी सरसकट ‘पॅच’ हाच शब्द वापरला आहे.

पेटी उघडली, आत पाचसहा पॅच आहेत. सर्वांत आधी काय करावे?

काहीही धुऊ नये, उसवू नये, कापू नये आणि मुख्य म्हणजे एकमेकांपासून वेगळे करू नये. कोणता पॅच कोणत्या पाकिटात होता, कशात गुंडाळला होता, सोबत पत्रे, बटणे, पदकांच्या फिती किंवा छायाचित्रे होती का, याची नोंद त्याच दिवशी कागदावर करावी. ‘नंतर लिहू’ म्हटलेली नोंद बहुधा राहूनच जाते. प्रत्येक पॅचचे पुढून व मागून, शेजारी मोजपट्टी ठेवून, दिवसाच्या उजेडात छायाचित्र काढावे. मागची बाजू कोणी सहसा टिपत नाही, आणि ओळख पटवणाऱ्याला नेमकी तीच हवी असते.

पॅच नेमके काय सांगतो?

तो एका मोठ्या तुकडीचे नाव सांगतो, ती बहुधा डिव्हिजन असते, कधी ब्रिगेड, कोअर किंवा संपूर्ण आर्मी. पॅच म्हणजे पदक नव्हे, आणि तो त्या माणसाने काय केले हेही सांगत नाही. एका डिव्हिजनमध्ये साधारण दहा ते वीस हजार माणसे असत आणि आघाडीच्या बंदूकधाऱ्यापासून स्वयंपाक्यापर्यंत साऱ्यांच्या बाहीवर तेच चिन्ह असे. तो माणूस कोणत्या रेजिमेंटचा होता, हुद्दा कोणता होता, काम काय होते, हे इतर खुणांवरून ठरते : खांद्याच्या टोकाशी असलेली अक्षरांची कमान, बाहीवरच्या हुद्द्याच्या फिती, टोपीचा बिल्ला, कॉलरवरची धातूची चिन्हे. म्हणून ‘आजोबा कोणत्या रेजिमेंटमध्ये होते?’ या प्रश्नाचे उत्तर एकट्या पॅचकडून मागू नये.

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश गणवेशावर मात्र पॅचखाली आणखी एक अरुंद रंगीत पट्टी आढळते. ती लष्कराची शाखा सांगते. पायदळाची पट्टी भडक लाल असे, आणि अशा एक, दोन किंवा तीन पट्ट्या असतील तर डिव्हिजनमधील ब्रिगेडची ज्येष्ठता त्यावरून कळते. पॅच उसवून ही पट्टी फेकून देणाऱ्याने निम्मी माहिती फेकलेली असते.

चित्रावरून ओळख पटवायला सुरुवात कशी करावी?

आधी चित्राचे शब्दांत वर्णन लिहून काढावे : पार्श्वभूमीचा आकार, तिचा रंग, मधले चिन्ह, चिन्हाचा रंग, काठाचा रंग. ‘पिवळ्या वर्तुळावर लाल कोंबडा’ असे लिहिले की शोध सोपा होतो. ते चिन्ह ब्रिटिश हिंदी लष्कराच्या २३व्या डिव्हिजनचे आहे. ‘काळ्या चौकोनावर लाल गोळा’ म्हणजे त्याच लष्कराची ५वी डिव्हिजन आणि ‘लाल गरुड’ म्हणजे ४थी. ‘मातकट हिरव्या ढालीवर लाल १’ ही अमेरिकेची १ली इन्फंट्री डिव्हिजन, आणि ‘पांढऱ्यावर लाल जर्बोआ’, म्हणजे वाळवंटातला उडी मारणारा उंदीर, ही ब्रिटिशांची ७वी आर्मर्ड डिव्हिजन.

त्यानंतर चिन्हामागची युक्ती शोधावी, कारण बहुतेक चिन्हांत एखादा आकडा, अक्षर, भूगोल किंवा चक्क शाब्दिक कोटी दडलेली असते. अमेरिकेच्या ८२व्या डिव्हिजनच्या पॅचवरचे दोन ‘ए’ म्हणजे ‘ऑल अमेरिकन’, कारण तिच्यात सर्व राज्यांतून माणसे भरती झाली होती. २८व्या डिव्हिजनचा लाल दगड हा कमानीचा मधला दगड, इंग्रजीत ‘कीस्टोन’, आहे आणि पेनसिल्व्हेनिया राज्याला ‘कीस्टोन स्टेट’ म्हणतात. १०व्या माउंटन डिव्हिजनच्या पॅचमधील बंदुकीच्या दारूच्या पिंपावर दोन संगिनी अशा आडव्या टाकल्या आहेत की त्यांतून रोमन दहाचा आकडा होतो. सर्वांत मजेदार उदाहरण २७व्या डिव्हिजनचे. तिचा सेनापती ओरायन आडनावाचा होता, म्हणून पॅचवर न्यू यॉर्क डिव्हिजनच्या अक्षरांबरोबर मृग नक्षत्राचे तारे आले, कारण त्या नक्षत्राचे इंग्रजी नाव ओरायनच. युद्धाच्या धामधुमीतही कोणाला तरी असली कोटी सुचली आणि ती मंजूरही झाली.

ब्रह्मदेशात लढलेल्या १४व्या आर्मीच्या लाल ढालीवर पांढरी तलवार आहे, तिचे टोक खाली आहे आणि मूठ इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी, म्हणजे सेनापती स्लिम यांचे आद्याक्षर. चिन्हशास्त्राच्या रिवाजाप्रमाणे तलवारीचे टोक वर हवे होते. ब्रह्मदेश उत्तरेकडून खाली उतरत जिंकायचा आहे, म्हणून ते मुद्दाम खाली ठेवले गेले. त्यामुळे असा पॅच छायाचित्रात टोक वर करून दाखवला असेल तर छायाचित्रच उलटे धरले आहे असे समजावे.

एकाच डिव्हिजनची दोन वेगळी चिन्हे असू शकतात का?

असू शकतात, आणि अशा वेळी पॅच काळ ठरवायला मदत करतो. ब्रिटिश हिंदी लष्कराच्या १७व्या डिव्हिजनचे चिन्ह सुरुवातीला विजेची रेघ होते, पुढे ते काळे मांजर झाले. विजेची रेघ मिळाली तर तो माणूस किंवा निदान तो पॅच युद्धाच्या आधीच्या टप्प्यातला धरता येतो.

पॅचवर स्वस्तिक आहे. आजोबा जर्मनांच्या बाजूने होते का?

घाईने निष्कर्ष काढू नये. अमेरिकेच्या ४५व्या इन्फंट्री डिव्हिजनच्या पॅचवर लाल चौकोनात पिवळे स्वस्तिक होते, ते नैऋत्य अमेरिकेतील आदिवासी समाजांचे शुभचिन्ह म्हणून घेतलेले होते. नाझी राजवटीमुळे त्या आकृतीचा अर्थ बदलल्यावर १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते काढून त्या जागी ‘थंडरबर्ड’ हा पौराणिक पक्षी आला. याच डिव्हिजनचे सैनिक २९ एप्रिल १९४५ रोजी दाखाऊची छळछावणी मुक्त करणाऱ्यांत होते. लाल चौकोन, पिवळा रंग आणि अमेरिकी शिवणीची धाटणी असेल तर आधी ही शक्यता तपासावी.

पॅच खरोखर नाझी काळातील असेल तर तो ठेवण्याविषयी व दाखवण्याविषयी आपल्या देशातील कायदा पाहावा. जर्मनीत अशा चिन्हांच्या जाहीर प्रदर्शनावर फौजदारी संहितेने निर्बंध घातले आहेत. या चिन्हांच्या नकला बाजारात फार आहेत, हेही ध्यानात असू द्यावे.

पॅचवर चित्र नाही, नुसते रंगीत तुकडे आहेत. तो अपुरा आहे का?

बहुधा पूर्ण आहे. पहिल्या महायुद्धात कॅनडाने चित्रांऐवजी रंग वापरले. आयताकृती तुकड्याचा रंग डिव्हिजन सांगे, म्हणजे १ली लाल, २री गडद निळी. त्यावर शिवलेल्या लहान आकृतीचा रंग ब्रिगेड सांगे : पहिली हिरवी, दुसरी लाल, तिसरी निळी. आणि त्या आकृतीचा आकार बटालियन सांगे : वर्तुळ पहिली, अर्धवर्तुळ दुसरी, त्रिकोण तिसरी, चौकोन चौथी. म्हणजे लाल आयतावर हिरवे अर्धवर्तुळ दिसले की १ल्या डिव्हिजनच्या पहिल्या ब्रिगेडची दुसरी बटालियन इतके नेमके सांगता येते. चित्रांच्या पॅचला हे साधत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या पद्धतीत आकार मोठी तुकडी सांगतो आणि रंग लहान तुकडी. तेथे एक खूण हमखास उपयोगी पडते : दुसऱ्या महायुद्धातील दलाने तेच रंग पुन्हा घेतले, पण मागे करड्या कापडाची किनार दिली. करडी किनार दिसली की १९१४ ते १९१८ चे युद्ध बाजूला ठेवता येते.

पॅच जोडीने का सापडतात, आणि दोन्हींतली तोंडे विरुद्ध दिशांना का असतात?

ब्रिटिश व राष्ट्रकुल लष्करांत चिन्ह दोन्ही बाह्यांवर शिवत, आणि प्राण्याचे किंवा पक्ष्याचे तोंड समोरच्या दिशेला राहावे म्हणून डावा व उजवा पॅच एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे बनवत. पंख असलेल्या घोड्यावर स्वार असलेला योद्धा, हे विमानातून उतरणाऱ्या ब्रिटिश छत्रीधारी दलांचे चिन्ह, अशाच जोडीत येते. एकच पॅच उरला असेल तर त्याचे तोंड पाहून तो कोणत्या बाहीचा होता हे ठरवता येते.

अमेरिकी गणवेशावर डाव्या आणि उजव्या खांद्यावर वेगवेगळे पॅच आहेत. त्यांचा अर्थ काय?

डावा पॅच त्या वेळच्या तुकडीचा. उजवा पॅच आधीच्या युद्धकालीन तुकडीचा, म्हणजे जिच्यासोबत तो माणूस लढाईच्या क्षेत्रात होता तिचा. कोट हाती असेल तर ही सर्वांत मोलाची खूण आहे, कारण दोन पॅच मिळून त्या माणसाच्या सेवेचा क्रमच लिहून ठेवतात. दोन्ही सुटे झाले की तो क्रम हरवतो.

पॅच किती जुना आहे हे कसे कळते?

याचे उत्तर पॅच उलटा करून मिळते, म्हणून येथे जरा थांबून पाहू.

एक पॅच तळहातावर पालथा ठेवावा. पाठीवर दोऱ्यांची उलटी वीण दिसते. यंत्राच्या खालच्या फिरकीचा दोरा बहुधा पांढरा असतो, काही अमेरिकी पॅचवर तो हिरवा असतो. सुटे लोंबणारे दोरे, मधूनच एका रंगाच्या भागातून दुसऱ्या भागाकडे गेलेला आडवा दोरा, हे १९४० च्या दशकातील यंत्रभरतात नेहमी दिसते आणि ते दोष नव्हेत. आता काठ पाहावा. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी पॅचचा काठ भरतकामाच्या कडेने कात्रीने कापलेला, सपाट असतो. दोऱ्याने गुंडाळलेला, जाडसर, गोल काठ १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सर्रास दिसू लागला, आणि अशा काठाच्या मागे बहुधा दोऱ्याची एक लहान शेपटी चिकटवलेली असते. असा काठ असलेला पॅच ‘नॉर्मंडीत (१९४४ च्या फ्रान्समधील चढाईत) वापरलेला’ म्हणून कोणी देऊ करत असेल तर नम्रपणे हात मागे घ्यावा. मागे प्लॅस्टिकचा किंवा डिंकाचा थर असेल तरी तो पुष्कळ अलीकडचा आहे.

त्यानंतर शिवणीच्या खुणा पाहाव्यात. वापरलेल्या पॅचच्या काठालगत सुईच्या छिद्रांची रांग असते, कधी दोन रांगा, म्हणजे तो एका कोटावरून काढून दुसऱ्यावर लावला होता. काही छिद्रांत जुन्या दोऱ्याचा तुकडा अडकलेला असतो. तो ओढून काढू नये. पुढची बाजू उन्हाने विटलेली आणि मागची तजेलदार असेल तर वापर खरा मानायला हरकत नाही. दोन्ही बाजू सारख्याच मळकट असतील तर चहाच्या पाण्यात बुडवून जुनेपणा आणल्याची शंका घ्यावी.

अतिनील दिव्याची परीक्षा पुष्कळ जण सुचवतात. नव्या दोऱ्यांतील व साबणांतील शुभ्रकारक द्रव्ये त्या प्रकाशात निळसर चमकतात, जुना सुती दोरा चमकत नाही. पण खरा जुना पॅच पुढे कधी घरी आधुनिक साबणाने धुतला गेला असेल तर तोही चमकतो, आणि कसबी नकलाकार जुना न चमकणारा दोरा मिळवतोही. तेव्हा दिव्याची साक्ष घ्यावी, निकाल मात्र तिच्या एकटीवर देऊ नये. दोरा जाळून पाहण्याची जी जुनी युक्ती आहे ती घरच्या ठेव्यावर करू नये.

माझा पॅच ओबडधोबड आहे, टाके वेडेवाकडे आहेत. तो नकली असेल ना?

उलट अशा पॅचकडे मी जास्त लक्ष देतो. सरकारी पुरवठा वेळेवर पोचत नसे, तेव्हा तुकड्या जेथे तळ ठोकत तेथल्या शिंप्यांकडून पॅच करून घेत. चीन-ब्रह्मदेश-हिंदुस्थान आघाडीवरच्या अमेरिकी सैनिकांसाठी ढालीच्या आकाराचा, चिनी सूर्य आणि भारताचा तारा असलेला पॅच जरीच्या तारेत आणि चामड्यावरही केलेला मिळतो. इटली, उत्तर आफ्रिका आणि पुढे व्हिएतनाम येथेही हेच घडले. पहिल्या महायुद्धातले बरेच पॅच तर लोकरी नमद्याचे तुकडे कापून हातानेच शिवलेले आहेत. ब्रिटनमध्ये युद्धकाळी बचतीसाठी कापडावर छापलेले पॅच निघाले. ‘नुसते छापील आहे’ म्हणून ते टाकून देणे चूक ठरते.

मात्र स्थानिक शिंप्याच्या कामाची नक्कल करणे सोपे असते आणि अशा पॅचना मागणीही जास्त असते. घरच्या पेटीतून, इतर कागदांसह निघालेल्या ओबडधोबड पॅचवर विश्वास ठेवावा; एकट्या आलेल्या पॅचच्या बाबतीत जपून बोलावे.

व्हिएतनाम काळातला पॅच हिरवा-काळा आहे. रंग उडाले आहेत का?

नाही. जंगलात भडक रंग दिसू नयेत म्हणून १९६० च्या दशकात रंगीत चिन्हांच्या मंद, हिरव्या-काळ्या आवृत्त्या निघाल्या. आकृती तीच असते, म्हणून रंगीत आवृत्तीशी आकारावरून ताडून पाहावे.

जुन्या कृष्णधवल छायाचित्रातल्या पॅचवरून ओळख पटेल का?

पटते, पण दोन फसवणुकींपासून सावध राहावे. पहिली रंगांची. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे, त्यामुळे लाल जवळजवळ काळा येतो, पिवळाही गडद होतो आणि निळा मात्र फिका, कधी पांढराच भासतो. छायाचित्रात काळा दिसणारा गरुड म्हणूनच लाल निघू शकतो. दुसरी फसवणूक दिशेची. निगेटिव्ह उलटी छापली गेली असेल तर डावा खांदा उजवा होतो. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येऊन बटणे लागतात. छायाचित्रात उलटे दिसत असेल, किंवा टोपीवरची अक्षरे आरशातल्यासारखी असतील, तर प्रत आडवी फिरवून पाहावी. एकदा मी स्वतः ‘उजव्या खांद्यावरच्या’ पॅचवर दोन आठवडे घालवले आणि शेवटी लक्षात आले की खिशावरचे नावच उलटे वाचले जात होते.

पॅच सापडला म्हणजे आजोबा त्या तुकडीत होते हे सिद्ध होते का?

सिद्ध होत नाही. सैनिक आपसांत पॅच बदलत, मित्राची आठवण म्हणून ठेवत, पकडलेल्या शत्रूचे घेत, आणि घरी पाठवलेल्या पाकिटांत दहा वेगवेगळ्या डिव्हिजनांचे पॅच घालत. युद्धकाळात मुलांमध्ये पॅच जमवण्याचा छंदही होता, तेव्हा पेटीतला संग्रह आजोबांच्या धाकट्या भावाचा असू शकतो. सुईची छिद्रे नसलेले, कोरे, निरनिराळ्या लष्करांचे पॅच एकत्र असतील तर तो संग्रह समजावा. एकाच चिन्हाच्या दोनतीन वापरलेल्या प्रती असतील तर सेवा समजावी.

यात एक विलक्षण प्रकरण आहे. १९४४ मध्ये जर्मनांना चकवण्यासाठी दोस्त राष्ट्रांनी अस्तित्वातच नसलेल्या अमेरिकी डिव्हिजना कागदावर उभ्या केल्या आणि त्यांच्यासाठी पॅचही आखले. हे पॅच संग्रहांतून आजही फिरतात. तुमचा पॅच यादीत मिळाला, पण त्या डिव्हिजनच्या एकाही लढाईचा पत्ता लागत नसेल, तर ती ‘भूत-डिव्हिजन’ आहे का ते पाहावे.

मग सेवेची खात्री कोठे करावी?

सेवापत्रात. अमेरिकी सैनिकांचे कागद सेंट लुई येथील राष्ट्रीय कार्मिक अभिलेख केंद्रात असतात. मात्र १२ जुलै १९७३ रोजी लागलेल्या आगीत तेथील सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली नष्ट झाल्या. १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूदल सैनिकांच्या फायलींपैकी अंदाजे ८० टक्के त्यांत गेल्या. त्यामुळे घरात मुक्तिपत्राची मूळ प्रत असेल तर तिच्या दोन चांगल्या प्रती आजच कराव्यात. ब्रिटनच्या पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या फायलींचेही १९४० च्या बॉम्बहल्ल्यात असेच झाले. उरलेल्यांना ‘बर्न्ट डॉक्युमेंट्स’ म्हणतात आणि त्या लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ऑस्ट्रेलिया व कॅनडा यांच्या पहिल्या महायुद्धातील फायली मात्र संगणकावर विनामूल्य वाचता येतात. युद्धात मृत्यू झाला असेल तर राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या नोंदींत रेजिमेंट व दिनांक मिळतो, ब्रिटिश हिंदी लष्करातील जवानांचाही.

फाइल जळाली असेल तेव्हा पॅचचे मोल वाढते, कारण डिव्हिजन कळली की तिची युद्धदैनंदिनी उघडता येते.

पॅच मळका आहे. धुवावा का?

नाही. जुने लाल आणि निळे रंग पाण्यात सुटतात. एका लोकरी पॅचवर मी हौसेने ओले फडके फिरवले आणि पांढऱ्या भागाला कायमची गुलाबी छटा आली. मऊ ब्रशने, कोरडी धूळ, कडेकडेने झटकावी, एवढे पुरते. इस्त्री, डिंक, चिकटपट्टी, लॅमिनेशन आणि टाचण्या यांपासून पॅच दूर ठेवावा. टाचणीचा गंज दोरा खातो.

लोकर व नमदा यांना कपड्यांचे पतंग आणि गालिच्याचे भुंगेरे लागतात. बारीक छिद्रे, रेतीसारखा भुसा किंवा अळीची कात दिसली तर पॅच मऊ कागदात गुंडाळून, हवाबंद पिशवीत, उणे १८ अंश किंवा त्याखालच्या शीतकपाटात दोन आठवडे ठेवावा आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, नाहीतर ओल धरते. एरवी आम्लरहित कागदात, सपाट, अंधाऱ्या व कोरड्या जागी ठेवावा. भिंतीवर लावायचाच असेल तर पॅचचे रंगीत छायाचित्र चौकटीत लावावे, कारण उडालेला रंग परत आणता येत नाही.

याची किंमत किती येईल?

बहुतेक डिव्हिजनांचे पॅच लाखोंच्या संख्येने बनले, त्यामुळे सुट्या पॅचची किंमत सहसा माफक असते. नाव, छायाचित्र व कागद सोबत असलेला साधा पॅच पुष्कळदा दुर्मिळ पण निनावी पॅचपेक्षा जास्त मोलाचा ठरतो. मूल्यांकन करणाऱ्यालाच विकायचा असेल तर आधी दुसऱ्याचे मत घ्यावे.

पॅच कोटावर शिवलेला आहे. काढून वेगळा जपावा का?

कोट जागा खातो म्हणून बरेच जण पॅच उसवतात आणि कोट देऊन टाकतात. कृपया असे करू नये. शिवणीचा दोरा, पॅचखालचे न विटलेले कापड, दोन्ही खांद्यांतले अंतर, आतल्या खिशावरचे शाईने लिहिलेले नाव किंवा सेवाक्रमांक, हे सगळे त्या कोटाबरोबर जाते. पूर्वीच कोणी उसवला असेल तर कोटाच्या बाहीवर गडद राहिलेला ठसा शोधावा. पॅच त्यावर नुसता ठेवून पाहावा. कडा आणि सुईची छिद्रे जुळली तर तो याच कोटाचा.